झळ कुणाला लागते?

एप्रिलमधली दुपार. पेपर देऊन मिरज स्टेशनवर उतरले, स्कूटी घेतली आणि घराकडे निघाले. भट्टीचं दार उघडावं तसा वारा तोंडावर आला. घरी पोचल्यावर ओढणी सोडत म्हणाले, "आजी, बाहेर काय लू सुटलीय!"

आजीने माठातलं पाणी पुढे केलं. "लू कसली? झळ म्हणायचं तिला. लागली म्हणजे कळंल."

'लू' हा शब्द आपल्याकडे हिंदी बातम्यांमधून आला. उत्तर भारतात मे-जूनमध्ये पश्चिमेकडून वाहणाऱ्या कोरड्या, तापलेल्या वाऱ्याचं ते नाव. हिंदी कोशकार त्याचं नातं 'लौ', म्हणजे ज्योतीशी किंवा आगीच्या लपटीशी जोडतात. म्हणजे तिकडेही वाऱ्यात लोकांना आगच दिसली.

आपल्या 'झळ'चं कूळही उजेडाचंच. संस्कृत कोशांत 'झला' म्हणजे उन्हाचं तेज. झळकणं, झळाळी हे शब्द त्याच घरातले. गंमत बघा, निकालात नाव झळकतं, दागिन्याला झळाळी येते आणि चुलीजवळ बसलं की झळ लागते! ज्या तेजाने वस्तू चमकते, तेच जवळ आलं की अंग भाजतं.

पण मराठीने हा शब्द उन्हापुरता ठेवला नाही. महागाईची झळ बसते, संपाची झळ पोहोचते. आग दुसरीकडे लागलेली असते, झळ आपल्यापर्यंत येते. 'पदराला झळ लागू न देता' मदत करणारेही आपण पाहतो. म्हणजे झळ लागणं हा थेट नुकसानीचा हिशेब झाला.

मिरजेने या शब्दाचा एक अर्थ अगदी जवळून पाहिलाय. 2016 चा एप्रिल. लातूर दुष्काळाने होरपळत होतं. तेव्हा कृष्णेचं पाणी भरलेली रेल्वे मिरजेहून निघाली आणि 12 एप्रिलला लातूरला पोचली. पहिल्या फेरीत दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर पाणी. 'दुष्काळाची झळ' हे बातमीतलं शब्दांचं गुळगुळीत नाणं, पण त्या दिवशी ते चाकांवरून धावलं.

हवामान खात्याची 'उष्णतेची लाट' आकड्यांवर ठरते. मैदानी भागात पारा किमान 40 अंशांवर हवा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त हवा. इशारे देण्यासाठी असं मोजमाप लागतंच. पण पारा 39 वर असेल, तर लाट नाही. मग भर दुपारी स्टेशनबाहेर सवारीची वाट बघणारा रिक्षावाला, डांबर ओतणारे रस्त्यावरचे मजूर, हातगाडीवर कलिंगडं विकणारी बाई, यांना काय लागतं? झळच.

लाट आली की नाही, हे थर्मामीटर सांगतो. झळ कुणाला लागली, हे माणसाकडे बघूनच कळतं. मला वाटतं, म्हणूनच हा शब्द टिकायला हवा. 'लू' म्हटलं की आपण आभाळाकडे बघतो. 'झळ' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कुणाला?

आजीने तो प्रश्न विचारलाच नव्हता. तिने आधी पाणी दिलं होतं.

उद्या दुपारी कॉलेजमधून निघताना एक बाटली जास्तीची भरून घ्या. वाटेत कुणाला तरी लागेल.