सेलमधली खोडलेली किंमत

थँक्सगिव्हिंगचे सेल लागले की भारतात न्यायच्या बॅगा भरायची आपली घाई सुरू होते. लेबलवर ६० डॉलर खोडलेले, खाली ३०. वाटते, अर्धे पैसे वाचले! पण ते ६० खरे होते का?

आधी दिसलेला आकडा मनात बसतो आणि पुढचा अंदाज आपण त्याच्याच आधाराने करतो, हे ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ सालीच दाखवले होते. जेसी पेनीने २०१२ मध्ये कूपने व सततचे सेल बंद करून रोजच कमी किंमत लावली, तर गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. वर्षभरात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घटली!

फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खोडलेली किंमत आधी काही काळ खरोखर लावलेली असायला हवी. पण प्रत्येक लेबल कोण तपासणार? म्हणून आपणच यादी घरून करून निघावे, तीच वस्तू दोन-तीन दुकानांत पाहावी. आणि खोडलेला आकडा झाकून विचारावे, नुसते ३० लिहिले असते तर आपण ही घेतली असती का? नसती, तर ३० डॉलर वाचले नाहीत, खर्च झाले.