समुद्रावर तरंगणारी नंदाखालची विहीर

वसईतल्या नंदाखालहून राजोडीचा किंवा कळंबचा किनारा सायकलवर अर्ध्या तासाच्या आत येतो. उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला सरळ अरबी समुद्र. तीन बाजूंनी खारं पाणी असताना या पट्ट्यातल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेली, मोगरा आणि भाजीपाला पिकला, तो विहिरीच्या गोड्या पाण्यावर. काही हात खणलं की पाणी लागतं, आणि ते पिता येतं. इतक्या जवळ समुद्र असून हे पाणी गोडं कसं?

किनाऱ्यावर कुणालाही विचारा, एक उत्तर हमखास मिळतं: वाळू समुद्राचं पाणी गाळते, म्हणून आत येईपर्यंत ते गोडं होतं. पटण्यासारखं आहे, पण खरं नाही. वाळू गाळ अडवते, कचरा अडवते. मीठ पाण्यात विरघळलेलं असतं आणि त्याचे कण इतके सूक्ष्म असतात की वाळूच्या फटी त्यांच्यापुढे वेशीच्या दरवाजाएवढ्या मोठ्या ठरतात. खारं पाणी मैलभर वाळूतून गेलं तरी खारंच राहणार. विहिरीतलं पाणी समुद्राचं नाहीच. ते पावसाचं आहे, आणि ते समुद्रावर तरंगतं आहे.

हे घरी पाहता येतं. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. साधारण एवढंच मीठ समुद्राच्या पाण्यात असतं. काचेच्या उभट ग्लासात ते अर्ध्यापर्यंत भरा. साध्या पाण्यात खाण्याचा रंग टाका आणि ते चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश वर सोडा. घाई केली तर सगळं एक होईल. हात स्थिर ठेवला तर रंगीत पाणी वरच थांबतं आणि दोन्हींच्या मध्ये एक रेघ दिसते. एक लिटर गोडं पाणी एक किलो भरतं, एक लिटर समुद्राचं पाणी साधारण एक किलो २५ ग्रॅम. या २५ ग्रॅमच्या फरकावर वसईची हिरवाई उभी आहे.

आता गंमत पाहा. १००० ला २५ ने भागलं की ४० येतात. म्हणजे जमिनीखालच्या गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक हात वर असेल, तर तिला तोलून धरायला खाली ४० हात खोल गोडं पाणी असावं लागतं. वरचा एक हात आपल्याला विहिरीत दिसतो, खालचे चाळीस दिसत नाहीत. उन्हाळ्यात पातळी जेमतेम अर्धा मीटर वर उरली, तरी तिच्याखाली वीस मीटर गोडं पाणी मावण्याची सोय असते.

हा हिशेब डच लष्करातला अभियंता विलेम बाडोन घाइबेन याने १८८० च्या दशकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमजवळच्या विहिरींच्या निमित्ताने मांडला. १९०१ मध्ये हेर्झबर्ग नावाच्या जर्मन अभियंत्याने उत्तर समुद्रातल्या बेटांच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना तेच गणित स्वतंत्रपणे गाठलं. आज भूजलशास्त्रात ते दोघांच्या जोडनावाने ओळखलं जातं. त्यांच्याही आधी, १८२८ मध्ये, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतले एक शिक्षक जोसेफ ड्यू कोमन यांनी गोड्या-खाऱ्या पाण्याचा हा तोल लिहून ठेवला होता, पण त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

हेर्झबर्गच्या बेटांसारखं बेट आपल्याकडेही आहे, आणि ते नंदाखालपासून लांब नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यासमोरचा जलदुर्ग, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. चारी बाजूंनी लाटा, आणि तटाच्या आत गोड्या पाण्याचं बांधीव तळं. नळ नव्हते तेव्हाही या बेटावर माणसं राहत होती. बेटावर पडलेला पाऊस मुरतो आणि खाली भिंगाच्या आकारात साठतो: मध्यभागी जाड, कडेला निमुळता. मुख्य भूमीवर, नंदाखालच्या बाजूला, अशाच भिंगाची अर्धी बाजू म्हणजे पाचर तयार होते. किनाऱ्याकडे गोड्या पाण्याचा थर पातळ होत जातो, आत डोंगराकडे जाड होतो.

हा चाळिसाचा हिशेब खोल वाळूला लागू पडतो. इथे वाळू आणि गाळाखाली काळा कातळ आहे, आणि तो लवकर लागला तर गोड्या पाण्याचा थर तिथेच टेकतो. या कातळाची गोष्टही मोठी आहे. दख्खनचा लाव्हा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. मुंबईतल्या काही खडकांचं वय आयआयटी मुंबईचे कांचन पांडे, हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे सव्वासहा कोटी वर्षं ठरवलं. खडकातल्या पोटॅशियमचा काही भाग आर्गॉन वायूत बदलत राहतो, आणि तो वायू मोजून खडक कधी थिजला ते काढता येतं. त्या सुमाराला सेशेल्सचा भूखंड आपल्यापासून तुटून निघत होता. आपली पश्चिम किनारपट्टी त्या फाटण्यातून घडली.

वाळू मात्र अगदी अलीकडची. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरातल्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. आजचं अर्नाळा-राजोडी तेव्हा किनारा नव्हताच. समुद्र पश्चिमेला पार दूर गेला होता. बर्फ वितळलं, समुद्र चढत आला आणि गेल्या सहा-सात हजार वर्षांत आजच्या जागेच्या आसपास स्थिरावला. लाटांनी वाळूचे लांबट उंचवटे रचले, शिंपल्यांचा चुरा चुन्याने बांधला जाऊन किनारी खडक झाला. नंदाखालच्या वाडीतली सच्छिद्र जमीन या घडामोडीची देणगी आहे. पाऊस तिच्यात मुरतो म्हणून तर सगळा खेळ.

आणि पाऊसही केवढा! वसईत वर्षाला दोन मीटरच्या आसपास पडतो. एका गुंठ्यावर म्हणजे दोन लाख लिटर, दहा हजार लिटरचे वीस टँकर. यातलं बरंच पाणी ओहोळांनी खाडीला जातं, काही झाडं आणि ऊन घेऊन टाकतं. उरलेलं मुरतं आणि समुद्राकडे निघतं, पण कसल्या संथ चालीने! फ्रान्समधल्या दिजों शहराचा अभियंता आंरी दार्सी याने १८५६ मध्ये वाळूने भरलेल्या उभ्या नळ्यांतून पाणी सोडून त्या चालीचा नियम काढला: उतार जितका जास्त, वाळू जितकी मोकळी, तितका वेग जास्त. किनाऱ्यावर भूजलाचा उतार असून असून किती असणार? हजार मीटरला एक मीटर धरा. वाळू मध्यम धरा. दिवसाला तीन सेंटीमीटर हा अंदाज येतो. या वेगाने दोन किलोमीटर जायला सुमारे १८० वर्षं लागतील. म्हणजे आज राजोडीच्या वाळूखालून समुद्राला मिळणारं काही पाणी, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावायच्या आधीच्या पावसाचं असू शकतं.

अशा चालीच्या पाण्याशी माणसाने कसं वागावं, याचं उत्तर वसईच्या रहाटाला ठाऊक होतं. बैल गोल फिरतो, चाकावरची गाडगी भरून वर येतात, पाटात रिती होतात, पाट वाडीभर फिरतो. एका बैलाची ताकद अर्ध्या-पाऊण अश्वशक्तीची. तो दमतो, दुपारी थांबतो, आणि तेवढ्यात विहीर भरून येते. रहाट नेहमी वरचं पाणी उचलतो. पाच अश्वशक्तीचा पंप दमत नाही. तो तासाभरात पातळी खेचतो, आणि मग चाळिसाचं गणित उलटं फिरतं: वर अर्धा मीटर पातळी उतरली की खालचं खारं पाणी वीस मीटरपर्यंत वर चढू पाहतं. विहिरीच्या बरोबर खाली खाऱ्या पाण्याचा सुळका उभा राहतो. तो काही काळ शांतपणे चढतो, एका मर्यादेनंतर एकदम उसळून विहिरीत शिरतो. पाणी आधी मचूळ होतं, मग खारट. फार मीठ लागतही नाही. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असावं असं भारतीय मानक सांगतं. शंभर लिटर गोड्या पाण्यात सव्वा लिटर समुद्र मिसळला की ही मर्यादा गाठली. पंप बंद केला तरी सुळका लगेच खाली बसत नाही, मीठ वाळूत मागे राहतं आणि ते धुऊन काढायला पावसाळे जावे लागतात.

म्हणून १९८० च्या दशकात वसईच्या विहिरींचं पाणी टँकरने नव्या इमारतींकडे जाऊ लागलं, तेव्हा इथला शेतकरी अस्वस्थ झाला, तो उगाच नव्हे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले, याच नंदाखालचे. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत त्यांनी पाणी आणि जमीन यांचा प्रश्न एकत्र बांधून लोकांना रस्त्यावर आणलं. ती चळवळ मला भूजलशास्त्राच्या दृष्टीनेही फार शहाणी वाटते.

बावखलं तर थेट अभियांत्रिकी. वसईच्या पश्चिम पट्ट्यातली ही माणसांनी खणलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाळ्यात त्यांच्यात भोवतालचं पाणी उतरतं, साचतं, आणि तळातून हळूहळू मुरत राहतं. पावसाने चार महिन्यांत ओतलेलं पाणी जमिनीला सावकाश पाजायचं, हे त्यांचं काम. ॲमस्टरडॅम शहराने १८५३ पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतलं गोडं पाणी वापरलं, इतकं की खारं पाणी वर यायला लागलं. शेवटी १९५७ पासून ऱ्हाइन नदीचं पाणी आणून त्याच टेकड्यांत मुरवायला सुरुवात केली. ज्या कामासाठी त्यांना नदीचं पाणी आणावं लागलं, तेच काम नंदाखालच्या आसपासची बावखलं नुसत्या पावसावर करत आली. एक बावखल भराव टाकून बुजवलं की शेजारच्या विहिरींखालचा तराजू खाऱ्या बाजूला झुकतो.

आणि यात चंद्रही आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. किनाऱ्यावरचा माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो: अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, त्यातून हा पाऊणपटीचा नियम निघतो. ही भरती जमिनीखालीही शिरते. वाळूतून आत जाताना लाट झपाट्याने विरते, पण सगळ्या लाटा सारख्या विरत नाहीत. गणित सांगतं की जी लाट जितकी सावकाश, ती तितकी आत पोहोचते. साडेबारा तासांची रोजची भरती जिथे मरते, त्याच्या पाचपटीहून थोडं जास्त आत पंधरवड्याचं उधाण जातं. शिवाय किनाऱ्याची वाळू भरतीला भरभर पाणी पिते आणि ओहोटीला सावकाश सोडते, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत काठालगतची भूजलपातळी वर उचलली जाते. म्हणजे किनाऱ्याजवळच्या एखाद्या विहिरीला रोजची भरती-ओहोटी कळत नसेल, पण अमावास्या आणि पौर्णिमा कळत असेल.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. लांब दोरी, मोजपट्टी आणि पाण्याची विद्युतवाहकता दाखवणारं खिशात मावेल एवढं यंत्र पुरे. खारेपणा वाढला की त्यावरचा आकडा वाढतो. राजोडीच्या वाळूजवळची एक विहीर घ्यायची, नंदाखालमधली एक, आणि एखादं बावखल. मे महिन्यात, पाऊस येण्याआधी, एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत रोज ठरलेल्या वेळी पातळी आणि खारेपणा वहीत लिहायचा. पंप चालू होण्याआधी एकदा, बंद झाल्यावर एकदा. शाळेतल्या मुलांना हे सहज जमेल, आणि आलेख काढला की पंधरवड्याचा चढउतार कुठल्या विहिरीपर्यंत पोहोचतो, ते त्यांनाच सगळ्यांत आधी कळेल.