आपल्या संगणकात नेमका कोणता प्रोसेसर आहे?



विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. तेव्हापासून आपल्या अनेक ज्येष्ठ सभासदांचा एकच प्रश्न असतो : "आता नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागणार का?" मुलांनी दिलेला जुना लॅपटॉप असतो. त्यावर नातवंडांचे फोटो असतात, भारतातल्या बँकेचे काम चालते, पुण्या-नागपूरच्या नातलगांशी बोलणे होते. तो टाकायचा की ठेवायचा, हे मुख्यतः आतल्या प्रोसेसरवर ठरते. दुकानदाराच्या किंवा फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावर जाण्याआधी आपण स्वतः पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, नखाएवढ्या चिपवर कोरलेला. अशा चिपचा पाया आपल्या शेजारीच घातला गेला. १९५८ मध्ये डॅलसच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जॅक किल्बी यांनी पहिले इंटिग्रेटेड सर्किट चालवून दाखवले.

कुठे पाहावे?

१. विंडोज असल्यास : खालच्या पट्टीवरील स्टार्टच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबा आणि यादीतील 'सिस्टिम' निवडा. उघडलेल्या पानावर 'प्रोसेसर' अशी ओळ दिसेल.

२. खात्री करण्यासाठी : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. 'परफॉर्मन्स' आणि मग 'सीपीयू' निवडा. उजवीकडे वर तेच नाव आणि खाली 'कोअर्स'ची संख्या दिसेल.

३. ॲपलचा मॅक असल्यास : डाव्या कोपऱ्यातील सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' निवडा. तिथे 'चिप' किंवा 'प्रोसेसर' असे लिहिलेले असते.

दिसलेले नाव अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घ्या. त्याच पानावर 'डिव्हाइस आयडी' आणि 'प्रॉडक्ट आयडी'ही असतात. पानाचा फोटो कुणाला पाठवताना त्या ओळी झाका.

नाव कसे वाचावे?

लॅपटॉपवरच्या स्टिकरवर बहुधा फक्त 'कोअर आय५' किंवा 'आय७' एवढेच असते. तेवढ्याने काही कळत नाही. खरी माहिती त्यापुढच्या आकड्यात असते. इंटेलच्या 'आय५-८२५०यू' या नावात पहिला आकडा ८, म्हणजे प्रोसेसर आठव्या पिढीचा. आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक घ्यावेत : 'आय७-१०५१०यू' हा दहाव्या पिढीचा.

आय७ म्हणजे आय५ पेक्षा चांगलाच, हा समजही खरा नाही. २०१२ मधील 'आय७-३५२०एम' मध्ये २ कोअर आहेत, तर २०१७ मधील 'आय५-८२५०यू' मध्ये ४. वापरलेला लॅपटॉप विकत घेताना नुसते "आय७ आहे" ऐकून पैसे देऊ नका. यंत्र सुरू करायला लावा आणि वरील दोन्ही ठिकाणी नाव स्वतः वाचा. स्टिकर कुणीही चिकटवू शकतो.

मग विंडोज ११ चालेल का?

इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. एएमडीच्या रायझनमध्ये नियम इतका सरळ नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन आहे. ते किमान ४ जीबी मेमरी, टीपीएम २.० आदी बाकीच्या अटीही तपासते.

यंत्र बसत नसले तरी घाईने नवे घेऊ नका. घरगुती वापरासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-योजना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली आहे. तिची नोंदणी सेटिंग्जमधील 'विंडोज अपडेट'मधून होते.

सावधान!

"तुमचा प्रोसेसर खराब झाला आहे, या नंबरवर फोन करा" असा संदेश पडद्यावर आला तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर नसतो. प्रोसेसरचे नाव पाहण्यासाठी कुणालाही आपल्या संगणकाचा ताबा द्यावा लागत नाही, गिफ्ट कार्ड तर मुळीच नाही. फसवणूक झालीच तर लाजू नये. आधी बँकेला कळवावे, मग फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवावी आणि घरच्यांना सांगावे.

नम्र आवाहन

जुना लॅपटॉप गरजू विद्यार्थ्याला किंवा ज्येष्ठाला द्यायचा असेल, तर प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि मेमरी लिहिलेली चिठ्ठी त्याला लावा. घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल की नाही, हे आधीच कळते. देण्यापूर्वी आपले फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या, मग 'रीसेट धिस पीसी' मधून सर्व काही पुसा. चार्जर विसरू नका. अगदीच निकामी यंत्र कचऱ्यात टाकू नये. टेक्सासच्या २००७ च्या कायद्यानुसार संगणक कंपन्यांना आपल्या ब्रँडचे जुने घरगुती संगणक विनामूल्य परत घ्यावे लागतात.

तरुण मंडळींना विनंती की दर्शनाला येताना एखाद्या काका-काकूंशेजारी दहा मिनिटे बसावे आणि त्यांच्या लॅपटॉपवरची ही एक ओळ त्यांना वाचून दाखवावी. त्यातून त्यांचे शेकडो डॉलर वाचू शकतात.