पक्षाघातानंतरचा पहिला घोट

पक्षाघाताचा झटका आला की हातापायांतले बळ गेलेले लगेच दिसते. गिळण्यातला बिघाड मात्र दिसत नाही. सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना हा त्रास असतो. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासनलिकेचे तोंड मिटते. ही हालचाल उशिरा किंवा अर्धवट झाली, तर पाणी फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. घशाची संवेदना मंदावली असेल तर ठसकाही लागत नाही. त्यामुळे ठसका नाही म्हणजे धोका नाही, असे मानता येत नाही.

म्हणून तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणी, चहा, गोळी काहीच द्यायचे नसते. पहिली चाचणी बहुधा प्रशिक्षित नर्स घेते. रुग्ण पुरेसा जागा असेल, तर त्याला ताठ बसवून चमचाभर पाणी दिले जाते. खोकला आला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला, तर स्पीच थेरपिस्टला बोलावतात. गरज पडल्यास बेरियम मिसळलेला घास एक्स-रेवर पाहतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालतात.

पुढचे काम वाटून होते. पातळ पाणी झेपत नसेल, तर थेरपिस्ट दाटपणा ठरवतो आणि व्यायाम शिकवतो. दाटपणा मोजायची रीत सोपी आहे: ठरावीक मापाच्या १० मिलि सिरिंजमधून पेय १० सेकंद वाहू द्यायचे, ४ ते ८ मिलि उरले, तर ते दुसऱ्या पातळीचे. त्या मर्यादेत उष्मांक, प्रथिने आणि पाणी कसे पुरवायचे, हे आहारतज्ज्ञ पाहतो. फिजिओथेरपिस्ट बसण्याची ढब सुधारतो. नाकातून नळी घालायची का आणि औषधे कोणत्या रूपात द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. दातांची व जिभेची स्वच्छता रोज राखावी लागते, कारण तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात जातात.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील १९ पक्षाघात विभागांत ताप, रक्तातील साखर आणि गिळणे या तिन्हींसाठी परिचारिकांच्या पुढाकाराने ठरावीक पद्धत राबवून पाहिली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ९० दिवसांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे एकत्रित प्रमाण या पद्धतीच्या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात ५८ टक्के होते.

बऱ्याच रुग्णांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते. त्यामुळे पुन्हा पुन्हा तपासून पथ्य सैल करतात. घरी सोडताना नातेवाइकांना ताठ बसवणे, लहान घास देणे, जेवणानंतर अर्धा तास आडवे न करणे हे शिकवले जाते. ताप, खोकला किंवा घटते वजन दिसले, तर पुन्हा दाखवायचे असते.