लाइट गेली, दिवा लाव, उजेड राहू दे

पौड मागे टाकून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की मुळशी धरणाच्या अलीकडे माले गाव लागतं. पावसाळ्यात तिथल्या एका घरी ओसरीवर बसलो होतो. बाहेर पावसाची झड लागलेली, आत आंबेमोहोर शिजत होता आणि त्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. एकाएकी अंधार झाला. आतून आजींचा आवाज आला, "लाइट गेली गं. देवापुढं दिवा लाव, तिन्हीसांजेचा घरात उजेड राहू दे."

इंग्रजीत ‘लाइट’ म्हणजे दिवाही आणि उजेडही. शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांना या वाक्यातल्या दिवा आणि उजेड या दोन्ही नामांसाठी तो एकच शब्द चालला असता. आजींना मात्र तीन वेगळ्या गोष्टी म्हणायच्या होत्या. गेली ती तारेतून येणारी वीज. लावायचा तो तेलवातीचा दिवा. राहायला हवा तो उजेड. शब्दांची अदलाबदल करून पाहा. ‘उजेड गेला’ म्हटलं तर संध्याकाळ झाली असा अर्थ होईल, आणि ‘दिवा गेला’ म्हटलं तर बल्ब उडाला असं वाटेल.

इंग्रजांच्या तोंडी हा शब्द प्रकाशासाठी, दिव्यासाठी, फार तर सिग्नलसाठी येतो. वीजपुरवठ्याला ते लाइट म्हणत नाहीत. ‘लाइट गेली’ हे शब्दशः इंग्रजीत सांगितलं तर समोरचा विचारेल, कुठला दिवा? म्हणजे हा अर्थ आपल्याकडे घडला. शब्द बाहेरून आला, अर्थ इथला. त्याला लिंगही इथलंच मिळालं. ‘लाइट गेली’ हे स्त्रीलिंगी, कारण मनात वीज असते. त्याच घरात ‘बाहेरचा लाइट लावला का?’ हे पुल्लिंगी, कारण आता मनात दिवा असतो. परका शब्द कोणत्या अर्थाने वापरायचा हे लिंगावरून ठरवण्याचं इतकं बारीक काम आपण बोलता बोलता करतो, व्याकरणाच्या पुस्तकाला न विचारता. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं.

मग ‘वीज’ हा अस्सल, संस्कृत ‘विद्युत्’पासून प्राकृतातून आलेला शब्द असताना लाइट का हवी झाली? मला कारण दिसतं ते मुळशीसारख्या मुलखात. इथे वीज ही आधीच आभाळातली होती. वीज कडाडते, वीज पडते, गुरं मरतात, झाड उभं चिरतं. शेतकऱ्याच्या तोंडात ‘वीज आली’ हे भीतीचं वाक्य होतं. घरात येणाऱ्या, बटण दाबल्यावर पेटणाऱ्या वस्तूला तेच नाव द्यायला जीभ कचरली असेल. म्हणून छापील बिलावर वीज राहिली आणि घरात ‘लाइट बिल’ आलं. खांब लाइटचा झाला. हातातल्या टॉर्चला मात्र तिच्या पोटातल्या सेलांवरून ‘बॅटरी’ हे नाव मिळालं, आणि आता मोबाइलच्या दिव्यालाही तेच चालतं.

इंग्रजीत मुळात ‘लाइट’ हा एक शब्द नाहीच. उच्चार एक, शब्द दोन. प्रकाश या अर्थाचा एक आणि हलका या अर्थाचा दुसरा, आणि दोघांची कुळं वेगळी. दुसऱ्याचं कूळ आपल्याच घरात आहे: संस्कृत ‘लघु’ आणि हा ‘लाइट’ एका मुळाचे. त्याच लघुपासून अक्षरांची अदलाबदल होऊन प्राकृतातून आपले ‘हळू’ आणि ‘हलका’ आले. म्हणजे ‘लाइट जेवण’ आणि ‘हलकं जेवण’ हे दूरचे चुलतभाऊच आहेत.

पहिल्याची सोयरीक आणखी मनोरंजक आहे. प्रकाशाच्या लाइटचं मूळ आणि संस्कृतातल्या ‘रुच्’ म्हणजे चमकणे या धातूचं मूळ एकच. त्यातूनच रुची, रोचक आणि जेवण ‘रुचणं’. फारसीत त्याच मुळापासून ‘रोशन’ झाला, त्याची आपण रोषणाई केली. दिवस या अर्थाचा फारसी ‘रोज’ही त्याच कुळातला, कारण दिवस म्हणजे उजेड. तो ‘रोज’ आपण रोज वापरतो, आणि दिवसाच्या मजुरीलाही ‘रोज’ म्हणतो. रोजाने जाणाऱ्या बाईच्या तोंडी हजारो वर्षांपूर्वीचा प्रकाश आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

मालेत बसून लाइटबद्दल लिहायचं तर एक गोष्ट टाळता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी म्हणून १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली आणि निळा-मुळेच्या संगमाजवळ धरण ठरलं. खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं, भाताची खाचरं, देवळं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते. डिसेंबर १९२४मध्ये बापटांनी धरणाकडची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालंच. मुळेचं पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळलं, सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला उतरू लागलं. तिथलं वीजघर १९२७ साली सुरू झालं. ते पाणी पुढे कुंडलिकेला मिळतं.

मुंबईतली ‘लाइट’ इथल्या घरांचा उजेड घेऊन गेली आहे. ज्यांची घरं गेली त्यांच्या दारी त्या काळी दिवाबत्तीच होती: चिमणी, कंदील, तुळशीपुढची पणती.

विजेच्याही आधीची मराठी पाहा. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा मोठा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. एडिसनच्या दिव्याला तेव्हा अजून ३० वर्षांहून अधिक काळ होता. तेव्हाच्या मराठीला लाइटची गरज नव्हती, कारण प्रकाशाच्या एकेका रूपाला तिच्याकडे स्वतंत्र नाव होतं आणि आजही आहे. सूर्याचा उजेड म्हणजे ऊन, चंद्राचा चांदणं. कौलाच्या फटीतून जमिनीवर पडतो तो कवडसा. पहाटेचं झुंजूमुंजू, मग तांबडं फुटणं, मग फटफटणं, मग लख्ख उजाडणं. या एकापाठोपाठ एक येणाऱ्या वेळा आहेत, एकाच गोष्टीचे पर्याय नव्हेत. चांदणं टिपूर असतं, ऊन टिपूर नसतं. दिवा मिणमिणतो, काजवा लुकलुकतो, जत्रा झगमगते. दिवा ‘विझव’ म्हणणंही जुन्या घरात टाळतात. ‘मालव’ किंवा ‘शांत कर’ म्हणतात. बल्बला मात्र ‘बंद कर’ चालतं, त्याच्याशी तसं नातं जडलेलं नाही.

म्हणून मला लाइट या शब्दाचा राग येत नाही. तो वीजपुरवठ्याचं एक नवं काम करतो आणि ते नेटकं करतो. भीती आहे ती त्याने बाकीच्यांची कामं घेण्याची. ‘खिडकीतून छान लाइट येतो’ असं म्हणणारं मूल कवडसा शब्दाला मुकतं, आणि कालांतराने कवडसा दिसणंही कमी होईल.

शब्दकोश करणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘लाइट’ची नोंद करताना परभाषी म्हणून नुसता शिक्का मारू नका. ‘स्त्रीलिंगी, घरात येणारी वीज’ असा तिचा मराठी अर्थ द्या. शेजारी दिवा आणि उजेड यांचे वेगळे अर्थ द्या. वापराचं उदाहरण हवं असेल तर मालेतल्या आजींचं वाक्य घ्या: लाइट गेली, दिवा लाव, उजेड राहू दे.