फेरेटचा खेळ आणि त्याची खेळणी : प्राणिवर्तनाच्या दृष्टीने एक विवेचन
(यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भासह)

सारांश

फेरेट हा युरोपीय पोलकॅटपासून माणसाळलेला लहान मांसाहारी प्राणी असून पाश्चात्त्य देशांत तो घरोघरी पाळला जातो. त्याला कोणती खेळणी आवडतात, हा प्रश्न वरकरणी हौसेचा वाटला तरी त्याचे उत्तर या प्राण्याच्या शिकारी जीवनक्रमात दडलेले आहे. प्रस्तुत लेखात फेरेटच्या खेळाचे स्वरूप, खेळण्यांमागील जैविक कारणे व त्यांतील धोके स्पष्ट केले आहेत. तसेच यवतमाळसारख्या उष्ण जिल्ह्यात हा प्राणी पाळणे कितपत योग्य ठरेल आणि त्याच्या खेळाच्या अभ्यासातून येथील महाविद्यालयीन अध्यापनास काय घेता येईल, याचा विचार केला आहे.

प्रस्तावना

इंग्रजीतील ‘मंगूस’ हा शब्द मराठीतील ‘मुंगूस’ या शब्दावरून गेलेला आहे. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या धुऱ्यावरून, पांदणीतून किंवा वस्तीलगतच्या काटेरी कुंपणातून सुळकन निघून जाणारे मुंगूस सर्वांच्या परिचयाचे आहे. अलीकडे विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर मुंगसासारखाच दिसणारा, मोज्यात शिरणारा, पाठ कमानीसारखी वाकवून चोहीकडे उड्या मारणारा एक विदेशी प्राणी दिसू लागला आहे. हे मुंगूसच आहे काय आणि ते घरी पाळता येईल काय, असे दोन प्रश्न त्यातून स्वाभाविकपणे उपस्थित होतात. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्यापूर्वी हा प्राणी खेळतो काय आणि कशासाठी, हे समजून घ्यावे लागते.

लेखाची उद्दिष्टे

१) फेरेटचे प्राणिशास्त्रीय स्थान स्पष्ट करणे.
२) त्याच्या आवडत्या खेळांचे व खेळण्यांचे जैविक प्रयोजन सांगणे.
३) यवतमाळ जिल्ह्यातील हवामान, रोग व कायदा यांच्या संदर्भात त्याच्या पालनाचा विचार करणे.
४) खेळाच्या निरीक्षणाचे अध्यापनातील मूल्य दाखविणे.

फेरेट आणि मुंगूस : साम्य व भेद

दोन्ही प्राणी मांसाहारी गणातील आहेत; मात्र त्यांची कुले वेगळी आहेत. फेरेट मुस्टेलिडी कुलात मोडतो. आपल्याकडील पाणमांजर आणि चांदी अस्वल हे त्याचे या कुलातील नातलग होत. मुंगूस हर्पेस्टिडी कुलातील असून उत्क्रांतीच्या दृष्टीने ते मांजर आणि तरस यांना अधिक जवळचे आहे. लांबट देह, आखूड पाय आणि टोकदार मुख हे दोहोंतील साम्य जवळच्या नात्यामुळे आलेले नसून बिळात शिरून भक्ष्य शोधण्याच्या समान गरजेतून आलेले आहे.

फेरेटला माणसाळविण्याचा इतिहास सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने आयबेरियातील सशांच्या उपद्रवाचे वर्णन करताना बिळात सोडल्या जाणाऱ्या अशा प्राण्याचा उल्लेख केला आहे. सशाच्या बिळात शिरणे, अंधारात वास घेत पुढे सरकणे आणि सशाला बाहेर हुसकावणे, या कामासाठी मनुष्याने फेरेटच्या पिढ्या निवडल्या. त्याच्या नावाचे मूळ ‘चोर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडले जाते. वस्तू पळवून कोपऱ्यात साठविण्याची त्याची सवय पाहता हे नाव सार्थ वाटते.

खेळ म्हणजे काय ?

प्राण्यांच्या खेळाचा पद्धतशीर विचार कार्ल ग्रूस यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. खेळ म्हणजे पुढील आयुष्यातील कामांचा सराव होय, असे त्यांचे मत होते. गॉर्डन बर्गहार्ट यांनी २००५ मध्ये खेळ ओळखण्याच्या पाच कसोट्या मांडल्या. त्या थोडक्यात अशा : कृतीचा तात्कालिक उपयोग पूर्णपणे साधत नाही, ती स्वेच्छेने केली जाते, प्रत्यक्ष कामातील कृतीपेक्षा ती अतिरंजित, अपूर्ण किंवा वेगळ्या क्रमाने घडते, ती पुनःपुन्हा होते, परंतु यांत्रिक नसते, आणि प्राणी निर्धास्त व पोटभर असतानाच ती घडते.

विदर्भातील वाचकास हे समजावून घेण्यासाठी तान्ह्या पोळ्याचे उदाहरण पुरेसे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. हा बैल मुलाला शेतीचे काम देत नाही. मात्र ज्या कामावर घर उभे आहे, त्याची लहान प्रतिकृती त्याच्या हाती देतो. फेरेटचे खेळणेही असेच त्याच्या पूर्वजांच्या कामाची प्रतिकृती असते. ज्या वस्तूत बीळ, भक्ष्य किंवा साठा यांपैकी काहीच नाही, ती मालकाच्या डोळ्यांना कितीही सुंदर दिसली तरी फेरेटच्या लेखी खेळणे ठरत नाही.

आवडते खेळ आणि खेळणी

१. बोगदा : फेरेटचा सर्वांत आवडता खेळ म्हणजे नळीत शिरणे होय. चार इंची गुळगुळीत प्लॅस्टिक पाइप, कापडी नळी, जुन्या विजारीचा कापलेला पाय किंवा दोन्ही बाजूंनी उघडे पुठ्ठ्याचे खोके यांतून तो वारंवार ये-जा करतो. येथे बिळात शिरण्याची मूळ प्रेरणा तृप्त होते. नळी अरुंद असल्यास तो अडकण्याची भीती असते; म्हणून तिचा व्यास महत्त्वाचा ठरतो.

२. उकरणे : मोठ्या पेटीत स्वच्छ माती किंवा कागदाचे बोळे भरून ठेवल्यास फेरेट पुढच्या पंजांनी ते तासन्‌तास उकरतो. ही सोय न मिळाल्यास तो कुंड्या, गालिचे आणि गाद्या यांकडे वळतो. तो खोडसाळपणा नसून अडविलेल्या प्रेरणेने शोधलेली वाट असते.

३. पाठलाग : फेरेटची दृष्टी तीक्ष्ण नसते, मात्र हालचाल त्याला चटकन जाणवते. दोरीला बांधलेले कापड पळत्या उंदराच्या वेगाने ओढले असता तो त्यावर झेप घेतो व वरच्या बाजूने पकडतो. घुंगरू बसविलेला टणक चेंडूही त्याला आवडतो. परंतु डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या किंवा डोके पूर्ण पांढरे असलेल्या फेरेटमध्ये जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण मोठे असते. अशा प्राण्यासाठी आवाजापेक्षा वास व हालचाल यांवर आधारलेले खेळणे निवडावे लागते.

४. साठवण : मोजे, किल्ल्या, लहान बाहुल्या अशा वस्तू ओढत नेऊन पलंगाखाली रचून ठेवणे हा त्याचा नित्यक्रम असतो. शिल्लक भक्ष्य बिळात साठविणाऱ्या पोलकॅटची ही सवय आहे. त्याचा साठा एकदम रिकामा केल्यास तो अस्वस्थ होऊन शोधाशोध करतो.

५. अन्नाचे कोडे : भोके पाडलेल्या डब्यात मांसाचे तुकडे ठेवले, तर ते बाहेर काढण्यासाठी तो नाक, पंजे व दात यांचा वापर करतो. येथे वासाच्या साहाय्याने शोध घेण्याची क्षमता कामी येते.

६. सोबत्याशी झोंबाझोंबी : ट्रेव्हर पूल यांनी १९६६ मध्ये पोलकॅटच्या आक्रमक खेळाचे विवेचन प्रसिद्ध केले. मानेला धरणे, लोळविणे, पाठलाग करणे या क्रिया खऱ्या भांडणासारख्या दिसतात, परंतु खेळात चावा रोखलेला असतो. आनंदाच्या भरात फेरेट ‘डुक् डुक्’ असा आवाज काढतो आणि पाठ वाकवून आडव्यातिडव्या उड्या मारतो. प्रथम पाहणाऱ्यास तो हल्ला वाटतो. वस्तुतः ते खेळाचे निमंत्रण असते. फुत्कार आणि मागे सरकणे ही मात्र भीतीची लक्षणे होत.

फेरेट दिवसातील १४ ते १८ तास झोपतो आणि उरलेल्या वेळात अत्यंत चपळ असतो. म्हणून पिंजऱ्याबाहेर रोज किमान दोन ते चार तास, माणसाच्या देखरेखीखाली खेळ मिळणे आवश्यक मानले जाते.

खेळण्यांतील धोके

फेरेटला रबर, फोम व लॅटेक्स कुरतडण्याची विलक्षण ओढ असते. गिळलेला तुकडा आतड्यात अडकल्यास शस्त्रक्रियेवाचून उपाय राहत नाही. त्यामुळे खोडरबर, रबरी चपला आणि मऊ रबरी बाहुल्या त्याच्या वाटेतून दूर ठेवाव्या लागतात. सैल दोरे पंजात गुंततात आणि घडीच्या खुर्च्यांत त्याचा देह चिरडला जाऊ शकतो. मऊ कापडी खेळणेही शिवण उसवताच बाद केले पाहिजे.

खेळाचे मोल : काळ्या पायांच्या फेरेटचे उदाहरण

खेळ व अनुभव यांपासून वंचित राहिलेल्या प्राण्याचे काय होते, याचे उत्तर आयबेसफेल्ट यांच्या पोलकॅटवरील प्रयोगांत मिळते. एकाकी वाढविलेल्या पिल्लांना भक्ष्य पकडण्याची प्रेरणा होती. मात्र मानेवर अचूक चावा घेणे त्यांना अनुभवानेच शिकावे लागले.

याहून ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेतील काळ्या पायांच्या फेरेटचे आहे. ही वन्य जाती नामशेष झाली असे मानले जात असतानाच १९८१ मध्ये वायोमिंग राज्यातील मीटीट्सी येथे तिचा एक समूह आढळला. रोगाच्या साथीमुळे १९८७ पर्यंत अवघे १८ प्राणी उरले व ते सर्व बंदिवासात आणले गेले. त्यांच्या संततीस १९९१ पासून निसर्गात सोडण्यास प्रारंभ झाला. केवळ पिंजऱ्यात वाढलेल्या प्राण्यांपेक्षा बिळे असलेल्या मोकळ्या आवारात वाढून प्रेअरी डॉग या भक्ष्याचा अनुभव घेतलेले प्राणी अधिक प्रमाणात तगले. त्यामुळे मुक्त करण्यापूर्वी किमान ३० दिवस अशा आवारात ठेवण्याची पद्धत रूढ झाली. बीळ असणे किंवा नसणे हा त्या प्राण्यांपुरता जीवनमरणाचा प्रश्न होता.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

वरील विवेचन लक्षात घेता फेरेट येथे पाळावा काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण हवामानाचे. फेरेटला घाम गाळून शरीर थंड करता येत नाही. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यास उष्माघाताचा धोका संभवतो. यवतमाळात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. म्हणजे उन्हाळ्याचे महिने या प्राण्यास अखंड वातानुकूलित खोलीत काढावे लागतील. वीज गेल्यास काही तासांतच त्याचा जीव धोक्यात येईल. मातीत उकरणे व मोकळे धावणे हा ज्याचा खेळ, त्याला थंड खोलीत कोंडून आपण त्याचा खेळच हिरावून घेऊ.

दुसरे कारण रोगांचे. कुत्र्यांतील डिस्टेंपर हा रोग लसीकरण न झालेल्या फेरेटमध्ये जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांची संख्या पाहता हा संसर्ग दूर ठेवणे कठीण आहे. माणसाचा इन्फ्लुएंझाही त्याला होतो. १९३३ मध्ये लंडन येथे मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम वेगळा करता आला, तो फेरेटच्या साहाय्यानेच. नागपूर व अकोला येथे पशुवैद्यकीय शिक्षणाच्या संस्था आहेत. परंतु तालुक्याच्या गावी पशुवैद्यकाचा दैनंदिन अनुभव प्रामुख्याने गाई, बैल, म्हशी व शेळ्या यांचा असतो.

तिसरे कारण परिसंस्थेचे. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सशांच्या नियंत्रणासाठी फेरेट सोडण्यात आले. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे त्यांनी मोठे नुकसान केले आणि २००२ मध्ये तेथे पाळीव प्राणी म्हणून फेरेटची विक्री व पैदास बंद करण्यात आली.

फेरेट नाही तर मुंगूस पाळावे, हा पर्यायही खुला नाही. पंचतंत्रातील घरचे मुंगूस सर्वांना आठवते. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मुंगसास संरक्षण असून त्यास पकडणे, बाळगणे किंवा त्याच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे.

अध्यापनातील उपयोजन

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानंतर प्रात्यक्षिकांत जी पोकळी निर्माण झाली, ती जिवंत प्राण्याच्या वर्तनाच्या निरीक्षणाने भरून काढता येते. त्यासाठी फेरेटची आवश्यकता नाही. घरचे मांजर, कुत्र्याची पिल्ले, गोठ्यातील वासरू किंवा धुऱ्यावर दुरून दिसणारे मुंगूस पुरेसे आहे. विद्यार्थ्याने रोज ठराविक ३० मिनिटे निरीक्षण करावे. कृती, तिचा कालावधी व आधीची परिस्थिती यांची नोंद ठेवावी आणि बर्गहार्ट यांच्या पाच कसोट्या लावून कोणती कृती खेळ ठरते, ते सांगावे. नंतर मांजरासमोर एक खोके, एक दोरी व एक चेंडू ठेवून त्याची निवड नोंदवावी. या उपक्रमास खर्च नाही, प्राण्यास इजा नाही, आणि संख्याशास्त्र, मानसशास्त्र व गृहविज्ञान या विभागांचाही त्यात सहभाग घेता येतो.

समारोप

फेरेटला नळी आवडते, कारण त्याचे पूर्वज बिळात जगले. तो मोजे लपवितो, कारण त्यांनी भक्ष्य साठविले. खेळणे निवडणे म्हणजे त्या प्राण्याच्या जीवनक्रमाचा अर्थ लावणे होय. हा अर्थ लावता आला की कोणता प्राणी आपल्या घरी सुखी राहील आणि कोणता राहणार नाही, हेही कळू लागते. फेरेट यवतमाळात सुखी राहणार नाही. परंतु त्याच्या खेळाने शिकविलेली दृष्टी येथील गोठ्यात, अंगणात आणि शेतात वापरता येते. साखळीस बांधलेल्या कुत्र्यास आणि पिंजऱ्यातील पोपटास आपण अन्नपाणी देतो. त्यांना करावयास काय देतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःच्या घरी विचारण्यास प्रारंभ केला, तरी प्रस्तुत विवेचनाचा हेतू सफल होईल.