मुहूर्त आजचाच

संकल्प पाडव्यावर ढकलण्याची आपली खोड जुनी. पण आपल्या मावळातला तळेगावचा काचकारखाना कसा उभा राहिला? अंताजी दामोदर काळे धनिकाची वाट पाहत बसले नाहीत. माणशी एक पैसा, म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग, मागत ते फिरले. त्या पैसा फंडातून १९०८ साली कारखाना सुरू झाला. संकल्पाचा हप्ताही आज परवडेल इतका लहान करावा. मग मुहूर्त लागत नाही. माझी शाळा लवकर सुटली. रात्रपाळीनंतर रोज एक पान वाचू लागलो, त्यातूनच कामगार कायदा समजला. ‘पाडव्यापासून अक्षरे गिरवतो’ म्हणणाऱ्या माझ्या सोबत्याने मात्र वाचता न आलेल्या राजीनाम्यावर अंगठा उठवला. पाडवा येईल तेव्हा येईल. आजची रात्र हाताशी आहे.